चर्चा: खान्देशात प्रदर्शनाच्या सशांची उन्हाळी वेतं घ्यावीत का?

यावलकर:
माझं मत स्पष्ट आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात फेब्रुवारी लागला की सशांची जोडी लावणं बंद करावं आणि ऑक्टोबरचं ऊन उतरल्यावरच पुन्हा सुरू करावं. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो कानांवाटे आणि श्वासावाटे टाकतो. २५ अंशांपर्यंत त्याला सोसतं, ३० च्या पुढे तो खाणं कमी करतो, आणि आपल्याकडे भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ पर्यंत जातो. मादी साधारण ३१ दिवसांनी विते. शेवटच्या आठवड्यात तिने उन्हामुळे खाणं टाकलं की शरीर साठवलेली चरबी वापरायला लागतं, तो भार यकृताला पेलत नाही आणि पोटातल्या पिल्लांसकट मादी जाते. प्रदर्शनाची मादी म्हणजे कित्येक पिढ्यांची निवड असते. एका वेतासाठी ती धोक्यात घालू नये.

तापीकाठ:
दादा, तारखांचा हिशेब मांडा. सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला भरतो, म्हणजे जनावर मिरवायचा आपला हंगाम हिवाळाच. प्रदर्शनात वयाप्रमाणे गट असतात, आणि बऱ्याच लहान जातींत सहा महिन्यांचा ससा प्रौढ गटात जातो. डिसेंबरात सहा-सात महिन्यांचा, भरल्या अंगाचा ससा टेबलावर हवा असेल तर तो मे-जूनमध्ये जन्मायला हवा. म्हणजे जोडी एप्रिलमध्येच लागली पाहिजे.

दुसरं, मादी आठ-नऊ महिने रिकामी ठेवली की पोटात चरबी धरते. मग ती नराला जवळ येऊ देत नाही, आणि फळली तरी पिल्लं कमी होतात.

आणि सगळे पिंजरे गार करायची गरजच नाही. उन्हाळ्यात आधी निकामी होतो तो नर. अंडकोष तापले की बीज खराब होतं आणि नवं बीज तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. दहा माद्यांमागे नर एक असतो. मार्च लागताच त्याला घरातल्या उत्तरेकडच्या फरशीच्या खोलीत न्यावं. पहाटे पाचला मादी त्याच्या पिंजऱ्यात सोडावी. नराला मादीच्या पिंजऱ्यात कधीच सोडू नये, ती त्याला फाडते.

धुळेकर_ताई:
नराबद्दल तापीकाठ बरोबर बोलले, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. तापलेला नर जोडी लावतो, बारीक आवाज काढून बाजूला कोलमडतो, सगळं नेहमीसारखं दिसतं. पण बीज मेलेलं असतं. सशाच्या मादीत अंडं सुटतं ते जोडी लागल्यावर, १० ते १२ तासांनी. त्यामुळे गर्भ नसतानाही मादीचं शरीर गाभण असल्यासारखं वागतं. सोळाव्या ते अठराव्या दिवशी ती पोटाचे केस उपटून घरटं करायला लागली तर ते खोटं गाभणपण समजावं. अशा वेळी मादी वांझ म्हणून काढून टाकतात. दोष नराचा असतो. बाराव्या ते चौदाव्या दिवशी पोट हलक्या बोटांनी चाचपलं तर द्राक्षाएवढ्या गाठी लागतात. त्या नसतील तर आधी नर बदलून बघा.

पण कूलरच्या भरवशावर वेत घ्यायला माझा विरोध आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर छान चालतो. मृग लागला की हवेत ओल येते आणि तोच कूलर नुसता दमट वारा फेकतो. त्या ओलाव्याने सर्दी बळावते. त्यात दुपारी वीज गेली तर बंद खोली उघड्या झापापेक्षा लवकर तापते.

तापीकाठ:
ताई, म्हणून खोली बंद ठेवायचीच नाही. पत्र्यावर हातभर जाड कडबा किंवा उसाचं पाचट, पश्चिमेला ओलं गोणपाट, आणि पिंजऱ्यात लिटरची गोठवलेली बाटली. ती अकराला ठेवावी, तीनला बदलावी. ससा आपणहून तिला टेकून पसरतो. धाप लागलीच तर कान ओल्या फडक्याने पुसा, अंगावर पाणी ओतू नका. एक गोष्ट फार जण विसरतात: पाणी प्यायच्या निपलची नळी उन्हात असेल तर पाणी चहासारखं कढतं आणि ससा पिणंच सोडतो. नळी सावलीत घ्या किंवा मातीच्या भांड्यात पाणी द्या.

आता पिल्लांचं. मादी दिवसातून एकदाच, तीन ते पाच मिनिटं पाजते. त्यामुळे पेटी दिवसभर गार खोलीत ठेवून पहाटे मादीकडे न्यावी, पाजून झालं की परत आणावी. पिल्लांना घरट्यात ३० ते ३२ अंशांची ऊब पुरते. ती एकमेकांपासून दूर पसरून तोंड उघडू लागली तर घरट्यातले अर्धे केस काढून घ्यावेत.

सातपुडा_लोप:
नेदरलँड ड्वार्फवाल्यांनी उन्हाळ्याचा विचारच करू नये. या जातीत आधीच वेताला तीन-चार पिल्लं. दोन्ही पालकांत ठेंगूपणाचा जनुक असेल तर सरासरी चारात एक पिल्लू तो दुहेरी घेऊन जन्मतं आणि काही दिवसांत मरतं. त्यात उन्हाने दूध आटलं तर हाती काय लागणार? लांब लोकरीच्या अंगोऱ्याबद्दल तर बोलायलाच नको, ते थंड डोंगराचं जनावर.

यावलकर:
तापीकाठ भाऊ, तुमचा तारखांचा मुद्दा जड जातींना लागू होत नाही. अमेरिकन ससेपालक संघाच्या जात-मानकात न्यूझीलंड व्हाइट आठ महिन्यांनंतर प्रौढ गटात जातो. म्हणजे जूनचं पिल्लू डिसेंबरात प्रौढ ठरतच नाही. उलट जानेवारीत जन्मलेला ससा तेव्हा अकरा महिन्यांचा, हाडापेराने भरलेला असतो. पावसाळ्याच्या शेवटी तो जुने केस टाकतो आणि थंडीत नवी दाट लव येते. प्रौढ गटाला वयाची वरची मर्यादा नसते, मर्यादा वजनाची असते: त्याच मानकात या जातीचा नर ५ किलोच्या आत, मादी ५.४ किलोपर्यंत.

चरबीचा उपाय खाद्यात आहे, उन्हाळी वेतात नाही. चार किलोच्या रिकाम्या मादीला १०० ते १२० ग्रॅम गोळी खाद्य पुरे, बाकी वाळलेलं गवत हवं तेवढं. लसूणघास हात राखून द्या, आणि सुबाभूळ पोटभर देऊच नका, त्याने केस गळतात. आठवड्याला पाठीच्या कण्यावरून बोट फिरवा. मणके बोटाला लागलेच नाहीत तर २० ग्रॅम कमी करा.

तापीकाठ:
न्यूझीलंडपुरतं मान्य. डच आणि हॉलंड लोप या लहान जातींसाठी माझी एप्रिलची जोडी कायम, पण पहिलटकरणीची नाही. आधी एकदा थंडीत विऊन पिल्लं जगवलेली मादीच घ्यायची, आणि सातच्या वर पिल्लं झाली तर जादा पिल्लं त्याच दोन दिवसांत व्यालेल्या दुसऱ्या मादीखाली टाकायची. म्हणून जोड्या एकाच दिवशी दोन लावाव्यात.

धुळेकर_ताई:
दोन माद्या आणि फरशीची खोली असेल तर चालेल. पत्र्याखाली वीस पिंजरे असलेल्याने मात्र यावलकर दादांचीच तारीख पाळावी.