मदत हवी आहे : दिवाळी अंकांच्या ग्राहकांची ईमेल यादी कशी निवडून घ्यावी?

दादरमध्ये आमचे पुस्तकांचे लहान दुकान आहे. दरवर्षी गणेशोत्सव आटोपला की दिवाळी अंकांच्या संचांची माहिती आम्ही जुन्या ग्राहकांना ईमेलने कळवतो. यादीत सुमारे ११ हजार पत्ते आहेत आणि ते निरनिराळ्या मार्गांनी जमलेले आहेत. काही संकेतस्थळावरील मागणी-अर्जातून आले, काही पार्ले, ठाणे आणि डोंबिवली येथील प्रदर्शनांत ठेवलेल्या वहीवरून टंकले गेले, तर बरेचसे माझ्या सासऱ्यांच्या काळातील, म्हणजे लोक व्हीएसएनएल आणि रेडिफमेल वापरत असत तेव्हाचे आहेत.

गेल्या हंगामात पहिला मोठा गठ्ठा रवाना होताच, ज्या सेवेमार्फत आम्ही पत्रे पाठवतो तिने आमचे खाते स्थगित केले. सुमारे ९ टक्के पत्रे परत आल्याचे कारण तिने दिले. खाते आता सुरू झाले असले तरी यादी तपासल्याशिवाय पुन्हा पाठवू नये, अशी ताकीद मिळाली आहे.

निकामी पत्ते नेमके कसे ओळखावेत आणि यादी अपलोड केल्यावर पत्ते तपासून देणाऱ्या सशुल्क सेवांवर किती विसंबावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आणखी एक अडचण आहे. सर्वत्र सल्ला मिळतो की जे पत्र उघडत नाहीत किंवा दुव्यावर क्लिक करत नाहीत त्यांना सरळ वगळावे. परंतु आमचे अनेक ज्येष्ठ वाचक दुव्याला कधी हात लावत नाहीत, पत्र वाचून दुकानात फोन करतात आणि कोणकोणते अंक हवेत ते तोंडी सांगतात. असे ग्राहक गमावणे आम्हाला परवडणारे नाही.

प्रतिसाद १

यादी कोणत्याही तपासणी-सेवेकडे सोपवण्याआधी, परत आलेल्या पत्रांचा गेल्या हंगामाचा अहवाल आपल्या खात्यातून उतरवून घ्यावा, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातच असते आणि त्याला पैसे पडत नाहीत. प्रत्येक पत्त्यासमोर पलीकडच्या सर्व्हरने दिलेला सांकेतिक क्रमांक असतो. ५ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे कायमचा नकार, ज्याला हार्ड बाउन्स म्हणतात, आणि ४ ने सुरू होणारा म्हणजे तात्पुरता नकार, हे ढोबळ वर्गीकरण बरोबर आहे. परंतु केवळ पहिला अंक पाहून यादीवर कात्री चालवल्यास चांगले पत्तेही जातील.

५.१.१ म्हणजे त्या नावाची पेटीच नाही आणि ५.१.२ म्हणजे डोमेनमध्येच, म्हणजे पत्त्यातील @ या खुणेनंतरच्या भागातच, दोष आहे. हे दोन्ही प्रकार तत्काळ बंद करावेत. ५.७ ने सुरू होणारे क्रमांक मात्र वेगळे असतात. तेथे पलीकडच्या सर्व्हरने धोरण म्हणून किंवा पाठवणाऱ्यावर विश्वास नसल्यामुळे पत्र नाकारलेले असते, म्हणजे दोष पत्त्याचा नसून प्रेषक म्हणून आपल्या विश्वासार्हतेचा असतो आणि वाचक तेथे सुखरूप असू शकतो. शेवटी २.२ असेल तर पेटी भरलेली आहे. जीमेलची १५ जीबी मोफत जागा ड्राइव्ह आणि छायाचित्रांसह मिळून मोजली जाते, त्यामुळे नियमित वापरात असलेली पेटीही भरू शकते. अशांना महिनाभराने पुन्हा एकदा पत्र पाठवून पाहावे. याउलट, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून त्याची अंमलबजावणी सुरू केली. तेव्हा जीमेलचा पत्ता कायमचा टिकतो, हा समज आता धरून चालू नये.

‘बंद करावेत’ म्हणजे ओळ पुसावी असे नव्हे. पुसलेला पत्ता पुढच्या वर्षी दुसऱ्या एखाद्या फाइलमधून हमखास परत येतो. म्हणून त्याला ‘पाठवू नये’ या वेगळ्या यादीत टाकावे आणि प्रत्येक नवी यादी तिच्याशी ताडून पाहावी.

वहीवरून टंकलेल्या पत्त्यांत ए आणि एम यांची अदलाबदल झालेले जीमेल, एकच एफ असलेले रेडिफमेल, डॉट कॉमऐवजी डॉट कॉन असे प्रकार सापडतील. डोमेनमधील चूक उघड असेल तर ती सुधारावी, परंतु नावाच्या भागाचा अंदाज कधीही बांधू नये, कारण तो पत्ता भलत्याच माणसाचा निघू शकतो. जीमेल नावातील टिंबे जमेस धरत नाही, त्यामुळे टिंबासह आणि टिंबाविना लिहिलेला पत्ता एकाच ग्राहकाचा असतो. इतर सेवांना मात्र हा नियम लावू नये.

प्रतिसाद २

सशुल्क तपासणीविषयी. या सेवा आधी पत्त्याची रचना पाहतात, नंतर त्या डोमेनला टपाल स्वीकारणारा सर्व्हर आहे की नाही ते पाहतात आणि शेवटी त्या सर्व्हरशी संपर्क साधून ‘अमुक व्यक्तीचे पत्र घ्याल का?’ एवढे विचारून, पत्र न पाठवताच, संपर्क तोडतात. येथेच त्यांची मर्यादा आहे. अनेक कार्यालयांचे सर्व्हर कोणत्याही नावाला ‘हो’ म्हणतात, आणि तेव्हा अहवालात ‘अनिश्चित’ किंवा ‘कॅच-ऑल’ असा शेरा येतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे स्पॅम-सापळे. वर्षानुवर्षे बंद राहिलेले काही जुने पत्ते निष्काळजी प्रेषक ओळखण्यासाठी मुद्दाम पुन्हा चालू केले जातात. असा पत्ता तपासणीत ‘वैध’ ठरतो, पत्र परतही येत नाही आणि प्रेषकाचे नाव मात्र काळ्या यादीत जाते. म्हणून आपल्या सासऱ्यांच्या काळातील पत्ते तपासणीत उत्तीर्ण झाले, एवढ्यावरून ते वापरण्याजोगे आहेत असे मी मानणार नाही.

यादी पाठवायचीच असल्यास फक्त पत्त्यांचा रकाना पाठवावा. नावे, फोन क्रमांक आणि खरेदीचा तपशील मुळीच देऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख असा आहे की, माहितीवरील प्रक्रिया दुसऱ्याकडून करून घेतली तरी जबाबदारी ती करवून घेणाऱ्यावरच राहते.

प्रतिसाद ३

निकामी पत्ता आणि मौन पाळणारा वाचक हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि माझ्या मते दुसरा प्रश्न संगणकापेक्षा आपल्या बिलबुकातून लवकर सुटेल. पत्रातील चित्र उतरवले गेले की मोजला जाणारा ‘पत्र उघडले’ हा आकडा आता फारसा विश्वासार्ह राहिलेला नाही. सप्टेंबर २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय आली असून, ती चालू असेल तर पत्रातील चित्रे वाचकाने पत्र न उघडताही आधीच उतरवली जातात, आणि उघडल्याची नोंद होते. उलट, चित्रे बंद ठेवून वाचणाऱ्याची नोंदच होत नाही. तेव्हा गेल्या दोन-तीन हंगामांची बिले आणि फोनवरील मागण्यांची नोंद घेऊन त्यातील ग्राहकांपुढे यादीत खूण करावी. ज्यांनी खरेदी केली आहे त्यांनी क्लिक केले की नाही, हे पाहण्याचे कारणच नाही.

उरलेल्यांना विक्रीचे पत्र न पाठवता ‘आमचे पत्र आपल्याला हवे आहे का?’ एवढेच विचारावे, आणि ‘हो’ असे उत्तर लिहून पाठवण्याची किंवा दुकानात फोन करण्याची मुभा द्यावी. ज्येष्ठांना हे सोपे जाते. शिवाय उत्तर आल्याने तो पत्ता चालू असल्याची खात्री पटते.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. अहवाल उतरवून घेतला असून ५.७ चे नकार अपेक्षेपेक्षा पुष्कळ निघाले. ते सर्व बाद धरावेत असे आमच्या संगणकाचे काम पाहणाऱ्या मुलाचे मत होते. त्याला आता थांबवले आहे. व्हीएसएनएलच्या पत्त्यांचे काय करावे, आणि नवी सेवा घेऊन पाटी कोरी करता येईल का?

प्रतिसाद १

ज्या व्हीएसएनएल पत्त्यांवरून अलीकडे काही खरेदी झालेली नाही ते ‘पाठवू नये’ यादीत टाकावेत. प्रश्नाचे पत्रही त्यांना पाठवू नये. ज्यांचा फोन क्रमांक आहे त्यांना फोन करून नवा पत्ता विचारून घ्यावा.

सेवा बदलून काही साधत नाही, कारण डोमेन तेच राहते आणि पत त्याला चिकटलेली असते. मर्यादाही सर्वत्र साधारण सारख्याच असतात. उदाहरणार्थ अ‍ॅमेझॉनची ईमेल पाठवणारी एसईएस सेवा ५ टक्के पत्रे परत आल्यास खाते निरीक्षणाखाली घेते आणि १० टक्क्यांना पाठवणे थांबवू शकते. त्याऐवजी ५.७ चे मूळ शोधावे. फेब्रुवारी २०२४ पासून, जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्या प्रेषकाला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (पत्र खरोखर त्याच डोमेनच्या मालकाचे आहे हे पडताळण्यासाठी डोमेनवर केलेल्या) आणि एका क्लिकवर नाव कमी करण्याची सोय बंधनकारक आहे, तसेच स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवाव्या लागतात. आपली ११ हजार पत्रे एकाच दिवशी गेली असतील तर ५,००० ची ही मर्यादा ओलांडली गेली असण्याची शक्यता आहे. त्या नोंदी आपल्या डोमेनवर आहेत का, हे त्या मुलाकडून आधी तपासून घ्यावे. त्यानंतर पहिले पत्र फक्त गेल्या हंगामातील खरेदीदारांना, काही दिवसांनी त्याआधीच्या खरेदीदारांना आणि सर्वांत शेवटी, रोज काही शे या बेताने, प्रश्नाचे पत्र मौन पाळणाऱ्यांना पाठवावे. एखाद्या दिवशी परत येणाऱ्या पत्रांचे प्रमाण २ टक्क्यांच्या वर गेले तर दुसऱ्या दिवशीचा गठ्ठा रोखून धरावा आणि तो दिवस अहवाल वाचण्यात घालवावा.