फॅमिली डॉक्टरांना सीएमई (डिग्रीनंतरही चालू ठेवायचं शिक्षण) कंपल्सरी करावं का?

राजेंद्रनगरकर: इंदूरच्या मंडळींना विचारतोय. आमचे डॉक्टरकाका म्हणजे घरचेच, आईचं बीपी, बाबांची शुगर, सगळं त्यांच्याकडे. परवा ३ वर्षांच्या भाच्याला सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनवालं सिरप दिलं. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलंय, ४ वर्षांखाली देऊ नये. ही सूचना डिसेंबर २०२३ ची! काकांना फोन केला तर म्हणे, अरे मी पंचवीस वर्षं देतोय. माझं मत, शिकल्याशिवाय रजिस्ट्रेशन पुढे चालूच ठेवू नये.

छावणीतला दवाखाना: मी स्वतः जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टरच आहे म्हणून बोलतो. सकाळी १० ते १, संध्याकाळी ६ ते १०, कंपाउंडर सुट्टीवर असला तर पुड्याही मीच बांधतो. रविवारी सीएमईला जावं तर हॉटेलात एसी, पनीर आणि मोठ्या हॉस्पिटलचा कार्डिऑलॉजिस्ट, तो तासभर एकच सांगतो की छातीत दुखलं की आमच्याकडे पाठवा. याला शिक्षण म्हणायचं? मग कंपल्सरी करून काय होणार, सही करून लोक जेवायला जाणार.

पोहे_विदाउट_जीरावन: डॉक्टरसाहेब, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत ५ वर्षांत सीएमईचे ३० तास लिहिलेत. म्हणजे वर्षाला ६ तास. एवढे तर आपण सराफ्याच्या खाऊगल्लीत गर्दीत उभे राहून घालवतो 😄 महाराष्ट्रात रजिस्ट्रेशनच्या रिन्यूअलला सीएमईचे ३० क्रेडिट पॉइंट लागतातच ना, तिथले दवाखाने बंद पडले का?

छावणीतला दवाखाना: पॉइंट जमतात हो, शिकणं होतं का ते विचारा. आणि हॉलचं भाडं कोण देणार? औषध कंपनी. २०२३ च्या ऑगस्टात मेडिकल कमिशनने नियम आणले की कंपनीच्या पैशावरच्या अशा कार्यक्रमांना जायचं नाही, आणि त्याच महिन्यात ते नियम थांबवले पण. खरं सांगू, डॅपाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी हार्ट फेल्युअरला आणि किडनीला पण चालते हे मला एमआरनेच, म्हणजे औषध कंपनीच्या माणसानेच सांगितलं, तेही २०२० ला पेटंट संपून गोळी स्वस्त झाली आणि रांग लावून एमआर यायला लागले तेव्हा.

एमवायची जुनी सिस्टर: हेच तर दुखणं आहे ना! जी गोळी विकायची तिची बातमी दारात येते. जी बंद करायची तिची कोण आणणार? सत्तरीच्या आजोबांना अजून ग्लिबेनक्लामाइड ही शुगरची जुनी गोळी चालू, पहाटे शुगर उतरून घाम फुटलेला, असे किती आणले लोकांनी आमच्याकडे एमवाय हॉस्पिटलात.

राजेंद्रनगरकर: बरोबर ताई. आणि छिंदवाडा विसरलात का सगळे? २०२५ मध्ये खोकल्याच्या सिरपने एवढी लेकरं गेली.

छावणीतला दवाखाना: भिया, ते वेगळं आहे हं. त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, ते कुठला डॉक्टर चाखून ओळखणार? तो कारखान्याचा आणि तपासणीवाल्यांचा गुन्हा, आम्हाला त्यात ओढू नका.

पोहे_विदाउट_जीरावन: विषाचं मान्य. पण औषध म्हणून त्यात हेच कॉम्बिनेशन होतं, भाच्याला दिलं तेच. छोट्या लेकरांना लिहिलंच नसतं तर ती बाटली त्या घरांत गेलीच नसती.

छावणीतला दवाखाना: …हं. याला उत्तर नाही माझ्याकडे.

राजेंद्रनगरकर: आज बाटली घेऊनच काकांकडे गेलो. चष्मा लावून दोनदा वाचलं, फी परत करत होते, मी घेतली नाही. मग म्हणाले, असलं काही निघालं की कोणी व्हॉट्सॲपवर पाठवतं का रे? मला पण पाठवत जा.

एमवायची जुनी सिस्टर: म्हणजे आता पेशंटने पाठवायचं!