प्रायश्चित्तकाळ ते ईस्टर, रोजच्या धबडग्यात : तुमच्या घरची रीत सांगा

प्रायश्चित्तकाळ म्हणजे ईस्टरआधीचा उपवास-प्रार्थनेचा काळ. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत दिवस ४६ भरतात. सहा रविवार वगळले की ४० उरतात, कारण रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा, तो उपवासात धरत नाहीत. सुरुवात सगळेच मनापासून करतात. मग दहावीची परीक्षा येते, मार्चअखेर येते आणि हे चाळीस दिवस निसटतात. म्हणून इथे "प्रार्थना वाढवा" असं मोघम नको. कोणत्या वेळी, किती, कसं आणि कुठे अडतं, ते लिहा.

बोरिवलीहून
बोरिवली ते दादर धीम्या लोकलला दोन्ही टोकं धरून बरोबर चौदा स्थानकं आहेत, आणि क्रूसाच्या वाटेचीही, म्हणजे येशूच्या शिक्षेपासून कबरेपर्यंतच्या टप्प्यांवरून करायच्या प्रार्थनेचीही, स्थानं चौदा. बोरिवलीला रोमी सुभेदार पिलाताचा निकाल, दादरला कबर. मालाड, अंधेरी, सांताक्रूझ म्हणजे तिसरं, सातवं, नववं स्थान. तिथे प्रभू पडतो. राम मंदिरला शिमोन क्रूसाला खांदा देतो, जोगेश्वरीला वेरोनिका चेहरा पुसते. गाडी फलाटाला लागली की मनात स्थानाचं नाव आणि एक वाक्य, पुढच्या फलाटापर्यंत मौन. दोन-तीन मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात. जलद गाडीत हे जमत नाही.

स्थानं हाताने जाड कागदावर लिहून पासाच्या पाकिटात ठेवा. फोनवर वाचायला घेतलं की वरून मेसेज येतात आणि वाट तुटते. गर्दीत गुडघे टेकता येत नाहीत. मान झुकवली की झालं. प्रत्येक स्थानाला डब्यातल्या एका अनोळखी माणसासाठी मागणं मागावं. अंधेरीच्या रेटारेटीत हे सर्वांत अवघड, आणि माझ्या मते म्हणूनच तिथे ते सोडू नये. परतीच्या गाडीत उलटी वाट करू नका. तेव्हा जपमाळेची दुःखाची पाच रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे पाच प्रसंग, घ्या.

वसईहून
कॅथलिक नियम असा: वयाच्या चौदा वर्षांपासून पुढे शुक्रवारी मांस वर्ज्य. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्यांनी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं. आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना सूट आहे. मधुमेह असलेल्याने हट्टाने उपाशी राहू नये, त्याने दुसरं काही सोडावं.

मासळी चालते, आणि घसरण इथेच होते. मटण नाही म्हणून पापलेट आणलं तर नियम पाळला जातो, पण सोडलं काहीच नाही. त्या दिवशी वालाचं बिरडं आणि भात करा, मटणाचे वाचलेले पैसे त्याच संध्याकाळी दानाच्या डब्यात टाका. महिनाअखेरीला टाकू म्हटलं की ते घरखर्चात जातात. डबा झावळ्यांच्या रविवारीच, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, उघडा, म्हणजे ज्या घरी द्यायचे त्यांना सणाच्या बाजारासाठी वेळेवर मिळतात. उपवास आणि दान एकमेकांपासून तोडले तर नुसतं डाएट उरतं. बायबलमधल्या यशयाचा ५८ वा अध्याय दर शुक्रवारी जेवणाआधी वाचावा, त्यात हे स्पष्ट आहे.

अहिल्यानगरहून
आमच्या चर्चच्या मंडळ्यांत उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर संदेश होतात. सातही एका दुपारी जिरत नाहीत. राखेच्या बुधवारचा अर्धा आठवडा धरला तर ईस्टरपर्यंत आठवडे सातच होतात, म्हणून आठवड्याला एक उद्गार आणि त्याला जोडून एकच काम. "हे बापा, त्यांना क्षमा कर" या पहिल्या आठवड्यात अबोला धरलेल्या माणसाला फोन. पाचवा उद्गार "मला तहान लागली आहे"; त्या आठवड्यात फाटकाबाहेर पाण्याचा माठ.

माठाचं नीट सांगतो. नवा माठ रात्रभर भरून ठेवा आणि ते पाणी टाकून द्या, नाहीतर मातीचा वास येतो. साबण लावू नका, तो मातीत मुरतो. तोटीचा मिळाला तर उत्तम. नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं साखळीने बांधा, कारण पेले बुडवले की पाणी खराब होतं. सावली हवी, खाली तिवई हवी, पाणी रोज बदलायला हवं. आणि ईस्टरला माठ उचलू नका, पाऊस येईपर्यंत राहू द्या.

नाशिकहून
पवित्र गुरुवारी, उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, घरी पाय धुवायचे तर परात, कोमट पाणी आणि प्रत्येकाला वेगळा पंचा. आपल्याकडे धाकट्यांनी थोरांचे पाय धुवायची सवय आहे; योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात येशू, गुरू असून, शिष्यांचे धुतो. तेव्हा सासूने सुनेचे, बापाने मुलाचे धुवावेत. आधी अध्याय वाचा, मग धुवा. फोटो नकोत.

पुण्याहून
चाळीस दिवसांची तयारी आणि ईस्टरच्या जेवणानंतर सगळं थंड, हे मला फार खुपतं. पुनरुत्थानाचा सण ५० दिवसांचा आहे, पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत. ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्रीच्या जागरणविधीत आशीर्वादित झालेलं पाणी लहान काचेच्या बाटलीत घरी आणा. त्यातलं थोडं वाटीत घेऊन दाराशी ठेवा. बाहेर पडताना बोट बुडवून क्रूसाची खूण करायची, बाप्तिस्म्याची आठवण म्हणून. शाळेला निघालेली मुलं हे दोन दिवसांत शिकतात. वाटीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, बाटली उन्हात ठेवू नका, शेवाळ धरतं. जुनं पाणी मोरीत न ओतता कुंडीत, झाडाच्या मुळाशी घाला.