चार्ली मारियानोला खिचडीत धरू नका

दादा, फ्यूजन म्हणजे देशी-विदेशी संगीत एकत्र करणं ही नुसती खिचडी असं तुम्ही लिवलाय, पण चार्ली मारियानोला त्यात धरू नका बघा. बोस्टनचा हा जॅझ सॅक्सोफोनवाला, एवढं नाव झाल्यावरपण दक्षिण भारतात येऊन नादस्वरम, म्हणजे तिकडची सनईसारखी मोठी वाद्य, शिकला आणि मग बेंगळुरूच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन ह्या तालवाद्यवाल्यांच्या संस्थेबरोबर १९८३ला ज्योती हा अल्बम केला, त्यात कर्नाटक संगीताच्या गायिका आर. ए. रमामणींचं गाणं आणि ह्याचा सॅक्स एकमेकांना वाट देत जातात, कुणी कुणावर चढत नाही. इकडे बेळगावच्या शहापूर-वडगावात लग्नातली सनई ऐकत वाढलेल्याला तर ते लगेच भिडतंय. कद्री गोपालनाथांनी उलटं केलं, म्हैसूरच्या पॅलेस बँडमधला सॅक्स ऐकून तोच कर्नाटक संगीतात आणला. दोघांनाबी लागोपाठ ऐका.