प्रति: पथकाचे स्मारक नाणे कसे असावे?
ड्रम कोअर पथकाच्या (ढोल व पितळी सुषिर वाद्ये वाजवत संचलन करणाऱ्या पथकाच्या) स्मारक नाण्यावर पूर्ण गणवेशातील छायाचित्र रंगीत छापावे, ही या चर्चेत आलेली सूचना मला पटत नाही. अमेरिकेतील अनेक ड्रम कोअर पथके पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांच्या आश्रयाने वाढली आणि अशी नाणी देण्याची रीतही तेथील सैन्यातलीच, त्यामुळे पितळेवर ठसा मारून काढलेले, जुनाट झिलईचे, उठावाचे नाणे या परंपरेला अधिक शोभते. साधारण ४४ मिलिमीटर व्यासाच्या तबकडीवर एका बाजूस बोधचिन्ह व स्थापनावर्ष (मॅडिसन स्काउट्स या जुन्या अमेरिकी पथकाला १९३८ मिरवता येते, हे त्यांचे भाग्य!) आणि दुसऱ्या बाजूस त्या हंगामातील कार्यक्रमाचे नाव एवढेच पुरे, शंभर-दीडशे सदस्यांची नावे कोरण्याच्या मोहात पडल्यास अक्षरे बुजतात, आणि मिनाकामात प्रत्येक रंगाभोवती धातूची कड लागत असल्याने फार बारीक तपशील उतरतच नाहीत. कडेवर अनुक्रमांक मात्र जरूर घालावा. वयोमर्यादेमुळे ज्यांचा हा पथकातील शेवटचा उन्हाळा असेल, त्यांच्यासाठी त्याच साच्यातून सोनेरी मुलाम्याच्या वेगळ्या प्रती काढता येतात. नव्या साच्याचा खर्च त्यात वाचतो.