मदत हवी आहे: अळसांद्याच्या (गोव्यातल्या चवळीच्या) मुळांवर गाठी धरत नाहीत

नमस्कार मंडळी. पेडण्यात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर अळसांदे पेरलेत. काल चार रोपं अलगद उपटली. मुळांवर जेमतेम पाच-सहा गाठी, नखाने फोडल्या तर आत पांढऱ्या. बांधापलीकडच्या शेतात मात्र छान गुलाबी, म्हणजे काम करणाऱ्या!

मूळ फ्लॅव्होनॉइड (जिवाणूंना बोलावणारं रसायन) सोडतं, रायझोबियम, म्हणजे गाठीत राहून हवेतला नत्र झाडाला मिळवून देणारे जिवाणू, नॉड घटक नावाच्या रासायनिक संकेताने त्याला उत्तर देतात, मग सायटोकायनिन या झाडाच्या संप्रेरकामुळे मुळाच्या सालीतल्या पेशी विभागू लागतात आणि गाठ धरते, एवढं वाचलंय. जमिनीत नायट्रेट (नत्राचं एक रूप, युरियापासूनही बनतं) जास्त झालं की झाड हे सगळं आवरतं घेतं. मी पेरताना युरिया टाकला होता, आई नको म्हणत होती तरी. तेच नडलं का? आता फुलोऱ्याआधी मुळाशी रायझोबियमचं पाणी दिलं तर नव्या गाठी धरतील? कोणी करून पाहिलं असेल तर कृपया सांगा.