एकाच मशीनवर उधारी दोन वेगळ्या: डेटा प्रोग्रॅमच्या फोल्डरमधून बाहेर काढा

मंडळी नमस्कार,

पिंपळगाव बसवंतला माझ्या भावाचं कृषी सेवा केंद्र आहे. गिऱ्हाईक बहुतेक द्राक्षवाले, ऑक्टोबर छाटणीला औषधं खतं उचलतात आणि पैसे बाग खाली झाल्यावर देतात, त्यामुळे उधारीचा हिशोब म्हणजेच सगळा धंदा. हिशोबाचा प्रोग्रॅम विंडोज एक्सपीच्या काळात ओळखीतल्या एकाने व्हीबी सिक्स या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत करून दिलेला, मागे अ‍ॅक्सेसची एमडीबी फाइल, म्हणजे सगळ्या नोंदी जिच्यात साठतात ती डेटाबेस फाइल. दिवाळीत विंडोज ११ चं नवीन मशीन घेतलं, त्यावर प्रोग्रॅम टाकला, चालला पण. आता भाऊ त्याच्या लॉगिनने उघडतो तर शेतकऱ्याची बाकी एक दिसते आणि वहिनी तिच्या लॉगिनने उघडते तर दुसरीच. दोघांत रोज वाद चाललेत हो. मशीन बघायला येणारा मुलगा म्हणतो व्हायरस असेल, फॉरमॅट मारू. कुणाला काही कळतंय का?

---

ताई, फॉरमॅट मारू देऊ नका. आधी पिंपळगावला फोन करून ते थांबवा मग पुढचं वाचा.

व्हायरस वगैरे काही नाही. मी नाशिकला परत आल्यापासून कॅनडा कॉर्नर, मेन रोडच्या दुकानांमध्ये हेच दुखणं बघतोय. प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स' या विंडोजच्या प्रोग्रॅम ठेवायच्या फोल्डरमध्ये टाकलाय आणि एमडीबी पण त्याच फोल्डरमध्ये आहे, बरोबर ना? एक्सपीवर घरोघरी दुकानोदुकानी सगळे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच बसायचे म्हणून तिथे लिहिता यायचं. साध्या लॉगिनला त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी तेव्हाही नव्हती, आणि २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं तेव्हापासून अ‍ॅडमिनचं लॉगिन असलं तरी प्रोग्रॅम साध्या परवानगीनेच सुरू होतो. पण मग जुने प्रोग्रॅम सगळे बंद पडले असते, म्हणून विंडोजने एक सोय केली: जुना ३२ बिटचा प्रोग्रॅम तिथे लिहायला गेला की त्या फाइलची एक प्रत त्या माणसाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये गुपचूप तयार होते आणि पुढचं सगळं त्या प्रतीतच लिहिलं जातं, प्रोग्रॅमला वाटतं आपण जुन्याच जागी लिहितोय. जागा अशी: सी ड्राइव्ह, यूझर्स, लॉगिनचं नाव, अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, आधी हिडन आयटम्स दिसायला चालू करावं लागतं.

म्हणजे भावाची एक प्रत, वहिनींची दुसरी, आणि प्रोग्रॅम फाइल्समधली तिसरी जी मशीन लावलं त्या दिवशी होती तिथेच थांबलेली. दोघंही खरं बोलतायत. बिलबुक बघा, एकच बिल नंबर दोघांकडे वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या नावावर पडलेला सापडेल.

आणि मला खरी काळजी दुसरीच वाटते. भाऊ बॅकअप म्हणून प्रोग्रॅमचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेत असतील ना? त्यात ती तिसरी, जुनीच फाइल जाते. दिवाळीपासूनचं काहीच त्यात नसणार. फॉरमॅट मारला असता तर सगळा सीझन गेला असता, म्हणून एवढं जोर देऊन सांगतोय.

आज प्रोग्रॅम बंद करून तिन्ही फाइली वेगवेगळी नावं देऊन बाहेर कॉपी करा, बाकी कशालाही हात लावू नका.

---

दादा, मधेच विचारतो, राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केलं की झालं ना? आमच्या सिडकोच्या घरी तसंच चालू आहे.

---

नको रे. तसं उघडलं की प्रोग्रॅम सरळ प्रोग्रॅम फाइल्समधली जुनी फाइल उघडतो, भावाला वाटेल दिवाळीनंतरच्या सगळ्या नोंदी उडाल्या आणि तो त्यातच नव्या भरायला लागेल. शिवाय रोज दुकानात बसणाऱ्या माणसाच्या हातात सगळ्या मशीनच्या किल्ल्या कशाला द्यायच्या. प्रोग्रॅम एका जागी, डेटा दुसऱ्या जागी, हाच उपाय टिकतो.

ताई, डी ड्राइव्हवर 'हिशोब' नावाचा फोल्डर करा आणि दोघांच्या लॉगिनला त्या फोल्डरवर मॉडिफायची, म्हणजे फाइली बनवायची आणि बदलायची, परवानगी द्या. नुसत्या एमडीबीवर देऊन भागत नाही कारण अ‍ॅक्सेस फाइल उघडताना त्याच फोल्डरमध्ये एलडीबी नावाची लॉक फाइल (डेटाबेस कोण वापरतंय याची नोंद ठेवणारी) बनवतं, ती बनवता आली नाही तर एमडीबी फक्त वाचण्यापुरती उघडते. विंडोजचा 'प्रोग्रॅमडेटा' फोल्डर खरं तर याच कामासाठी आहे पण तिथे एकाने बनवलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, बदलता येत नाही, परवानग्या तिथेही द्याव्याच लागतात, आणि तोही लपवलेला, भावाला सापडायचा नाही.

मग प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये आयएनआय फाइल, म्हणजे सेटिंगची साधी मजकुराची फाइल, आहे का बघा, बऱ्याचदा एमडीबीचा रस्ता, म्हणजे ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते, त्यात लिहिलेला असतो. ती नोटपॅड अ‍ॅडमिन म्हणून उघडून बदला. आणि व्हर्च्युअलस्टोअरमध्ये आयएनआयची पण प्रत असेल तर तिचं नाव बदलून टाका, नाहीतर प्रोग्रॅम आधी तीच वाचतो आणि आपण म्हणतो बदललं तरी काही होत नाही. रस्ता प्रोग्रॅममध्येच पक्का बांधलेला असेल तर अख्खा प्रोग्रॅम डी ड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये टाकावा लागेल, तेवढं छान नाही पण चालतं.

---

दादा, काल रात्री भावाबरोबर व्हिडिओ कॉलवर बसून केलं. तीन फाइली निघाल्या, अगदी तुम्ही म्हणालात तशाच. आयएनआय होती. वहिनीच्या नोंदी कमी होत्या म्हणून भावाची फाइल धरली, आणि तिची बिलं ती स्वतः बिलबुकावरून नव्या नंबरने भरतेय, जुना नंबर शेऱ्यात लिहून. वडनेरच्या ज्या शेतकऱ्यावरून भांडण पेटलं होतं त्याची बाकी दोघांच्या लॉगिनमध्ये आता सारखी येते. पेन ड्राइव्हवर आता फक्त 'हिशोब' फोल्डर जातो, दुकान बंद करताना, प्रोग्रॅम बंद करून. व्हर्च्युअलस्टोअरमधल्या जुन्या प्रती कधी पुसायच्या?

---

ताई, बाग खाली होऊन सगळी वसुली जुळेपर्यंत पुसू नका, जागा काही फार खात नाहीत.